माळ्यावरचा संसार

मराठी भाषेतील 'संसार' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. वेदान्ती त्याला भवसागर म्हणतो आणि त्यातून पार पडण्याचा मार्ग शोधतो. पण स्वयंपाकघरात उभी असलेली गृहिणी जेव्हा 'संसार' म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे बहुधा भांडीकुंडी असतात. लेकीच्या लग्नात आई तिला 'संसार' देते, म्हणजे ताटवाट्या, डबे, परात आणि पोळपाट-लाटणे देते. बदली झालेला कारकून 'संसार' गाडीत भरून निघतो. नदीला पूर आला की 'संसार वाहून गेला' असे म्हणतात, आणि घरातील माणसे सुखरूप असली तरीही तसेच म्हणतात. पती-पत्नींचे सहजीवन आणि त्यांच्या घरातील भांडी या दोन्ही गोष्टींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे. त्यामुळे घरातील जुने घंगाळ मोडीत काढायचे म्हटले, की त्या घंगाळाबरोबर आयुष्याचा एक भागच मोडीत निघतो आहे असे घरच्या वडीलधाऱ्या बाईला वाटते. तिचे हे वाटणे भाषेलाही मान्य आहे.

याच वस्तूंसाठी दुसराही एक शब्द आहे. तो म्हणजे 'अडगळ'. ज्या वस्तूंना सासू संसार म्हणते, त्यांनाच पुष्कळदा सून अडगळ म्हणते. वस्तू त्याच, माळाही तोच. बदलते ती केवळ पिढी. या दोन शब्दांमधील अंतर कसे काटावे, हा आज मराठी कुटुंबांपुढे असलेला एक फार जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. महाराष्ट्रापासून दूर, परभाषिक प्रांतांत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कुटुंबांपुढे तर तो अधिकच तीव्र स्वरूपात उभा राहतो. अशा गावांपैकी एक म्हणजे नर्मदाकाठचे जबलपूर.

जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले, १७९८ साली तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात तो इंग्रजांच्या हाती गेला. राज्य गेले तरी माणसांची ये-जा थांबली नाही. १८७० साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याहून आलेला लोहमार्ग जबलपुरास एकमेकांना मिळाले. १९०४ साली तेथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना निघाला. मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे नागपूर आणि जबलपूर यांच्यामध्ये कारकून, शिक्षक, वकील आणि रेल्वेचे नोकर सतत ये-जा करीत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले, आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे जबलपूरच्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. एका तारखेने कोणाचे गाव कोणत्या राज्यात राहणार हे ठरले, आणि त्या तारखेच्या मागेपुढे कितीतरी बिऱ्हाडे हलली.

ही सारी माणसे रिकाम्या हातांनी आली नाहीत. लोखंडी ट्रंका, सुतळीने बांधलेल्या वळकट्या, पोत्यात गुंडाळलेली पितळी भांडी आणि सोवळ्यातल्या डब्यात ठेवलेले देव यांसह ती आली. नागपूरहून गोंदियापर्यंत मोठी गाडी आणि पुढे सातपुड्याच्या जंगलातून सावकाश चालणारी छोट्या रुळांची गाडी, असा तो प्रवास असे. त्या छोट्या गाडीतून जी वस्तू आली, ती नुसती वस्तू राहिली नाही. भोवताली हिंदी बोलणारे गाव, शेजारी बुंदेली बोली, बाजारात वेगळी मापे आणि वेगळ्या भाज्या. अशा ठिकाणी आजीचा पुरणयंत्राचा डबा, पाट, चौरंग आणि समई हीच 'आपण कोण' याची खूण ठरली. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या घरात एक अडकित्ता हरवला तर दुसरा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. राइट टाउनातल्या किंवा गोलबाजारातल्या घरी तसे नव्हते. परगावी राहणारी माणसे वस्तू अधिक घट्ट धरून ठेवतात, त्याचे हे कारण आहे. त्याला सरसकट लोभ म्हणणे अन्यायाचे होईल.

असे एक जुने घर डोळ्यांपुढे आणावे. जाड भिंती, मागे अंगण, आणि स्वयंपाकघरावर लाकडी फळ्यांचा माळा. माळ्यावर काय असते? पहिल्याने तांब्याचा बंब. मधल्या नळीत कोळसे घालायचे, भोवतालच्या भांड्यातले पाणी तापायचे आणि एका बाजूच्या तोटीतून ते काढायचे, अशी त्याची साधी आणि फार चतुर रचना. विजेचा तापक आला त्या दिवशी बंब माळ्यावर गेला. त्याच्या शेजारी जाते. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली आणि जात्याचा आवाज थांबला. मग शेर, मापटे, चिपटे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजने-मापे आली आणि शेर, मापटे, चिपटे ही धान्याची मापे हळूहळू मुकी झाली. मग पितळेचे डबे आणि पातेली. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते. कथील, नवसागर आणि भाता घेऊन 'कल्हईऽऽवाला' अशी आरोळी देत दारावरून जाणारा कारागीर दिसेनासा झाला आणि पोलादी भांड्यांनी त्याची जागा घेतली, तेव्हा पितळही वर चढले. माळ्याकडे पाहिले असता एका घराच्या शंभर वर्षांच्या अर्थशास्त्राचा इतिहास वाचायला मिळतो. कोणतीही वस्तू तेथे आळसाने गेलेली नसते. तिचे काम दुसऱ्या कोणीतरी हाती घेतले म्हणून ती तेथे गेलेली असते.

मग ती तेथेच का राहिली? येथे जुन्या पिढीचे मन समजून घेतले पाहिजे. त्या पिढीने युद्धकाळातील शिधावाटप पाहिले होते. धान्य, साखर, रॉकेल आणि कापड मोजूनमापून मिळत असलेले दिवस तिच्या अनुभवात होते. लग्ने घरी होत, शंभर-दीडशे पाने अंगणात उठत, आणि एकाच आळीतील तीन घरांची पातेली त्या दिवशी एका घरी जमत. मोठे भांडे हे तेव्हा त्या आळीची सामाईक ठेव असे. धोतर फाटले की त्याचे पंचे होत, पंचे विरले की पोतेरे होई. लुगडी जुनी झाली की त्यांची गोधडी शिवली जाई. कोणतीही वस्तू एका आयुष्यात मरत नसे. 'असू दे, कधीतरी लागेल' हे वाक्य तेव्हा शहाणपणाचे होते, कारण ती वस्तू खरोखरच कधीतरी लागत असे.

आजचा ढीग निराळा आहे. आज माळ्यावर जे चढते, त्यातले फारच थोडे पुन्हा खाली येते. मिक्सरची आणि दूरचित्रवाणी संचाची रिकामी खोकी, बंद पडलेले भ्रमणध्वनी, कोणत्या यंत्राची ते कोणालाही ठाऊक नसलेल्या तारा, आणि लग्नामुंजीत आलेल्या त्याच त्या भेटवस्तू. संक्रांतीच्या वाणाचेच पाहावे. सुगडात गाजर, बोरे, उसाचे पेर आणि हरभऱ्याचे घाटे घालून ते सवाष्णीला द्यायचे, अशी मूळ चाल. ते वाण खाल्ले जाई आणि मातीचे सुगडही मातीत जाई. आता त्याच्या जागी प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या आणि वाट्या आल्या. एका गृहिणीने वीस घरी हळदीकुंकवाला जावे आणि वीस डब्या घेऊन यावे, पुढल्या वर्षी त्यांतल्याच काही दुसरीला द्याव्यात, असा हा व्यापार चालतो. वाण 'लुटायचे' असते. साठवायचे नसते, हे शब्दच सांगतो.

या साठवणीचे वजन किती असते, हे जबलपूरने एकदा फार कठोर रीतीने अनुभवले. २२ मे १९९७ रोजी, वैशाखी पौर्णिमेच्या पहाटे साडेचारच्या सुमारास, जबलपूर आणि भोवतालचा प्रदेश सहा प्रतीच्या जवळपासच्या भूकंपाने हादरला. मंडला, सिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांनाही त्याची झळ लागली. तीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो जखमी झाली आणि हजारो घरे कोसळली किंवा तडकली. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींची घरे विशेष सापडली. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे पुष्कळ माणसे अंगणात किंवा गच्चीवर निजलेली होती, हे त्यातल्या त्यात सुदैव. अशा प्रसंगी माणूस घराबाहेर धावतो तेव्हा हातात काय घेतो? शेजारी निजलेले मूल घेतो, म्हाताऱ्या आईचा हात धरतो. बंब आणि घंगाळे कोणी घेत नाही. उलट भूकंपापासून बचाव कसा करावा हे सांगणारे जाणकार पहिली सूचना हीच देतात, की जड वस्तू उंचावर ठेवू नयेत आणि उंच कपाटे भिंतीला जखडून ठेवावीत. कारण भिंत पडली नाही तरी माळ्यावरचे पितळ डोक्यावर पडते. पूर्वजांचा वारसा उशाशी टांगून झोपावे, असे पूर्वजांनाही वाटले नसते.

हा धोका भूकंपापुरता मर्यादित नाही. त्याहून संथ आणि त्याहून अधिक घरांत घडणारा एक प्रसंग असतो. मुले शिकून पुण्यास, बेंगळुरूस किंवा परदेशी गेलेली असतात. जुन्या घरात दोन वृद्ध माणसे राहतात, मग एकच राहते, आणि मग घर बंद होते. कोणी बांधकाम करणारा ते घर मागतो. मुले चार दिवसांची रजा काढून येतात. चार दिवसांत साठ वर्षांचा संसार उपसायचा असतो. शेवटी भंगारवाल्याची हातगाडी दाराशी उभी राहते आणि सारे वजनावर जाते. त्या वजनात तांबे असते, पितळ असते आणि कधीकधी ज्याला वजनच नसावे असेही काही असते. एखाद्या ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतले कागद असतात. वाचता येणारे घरात कोणी उरलेले नसते, म्हणून ते रद्दीत जातात.

कागदांच्या बाबतीत मराठी समाजाला एक धडा फार पूर्वी मिळालेला आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. वाईच्या एका घराण्यातील जुन्या दप्तरातून तो उभा राहिला. पुढे राजवाडे गावोगाव हिंडले, माळे आणि पेटाऱ्या धुंडाळीत राहिले, आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. ज्यांच्या घरी ते कागद होते, त्यांना पुष्कळदा त्यांची किंमत ठाऊक नव्हती. म्हणून घर आवरताना पहिला नियम असा समजावा, की भांड्यांच्या बाबतीत हात सैल असावा, पण कागदांच्या बाबतीत घाई नसावी. जमिनीचे उतारे, जन्ममृत्यूचे दाखले, वंशावळी, जुनी पत्रे आणि मोडी कागद प्रथम बाजूला काढावेत, जाणत्याला दाखवावेत, आणि घरात ठेवण्याची सोय नसेल तर एखाद्या संशोधनसंस्थेकडे सोपवावेत. छायाचित्रांच्या मागे शिसपेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. नाव नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांनंतर परक्याचे होते.

मग वस्तूंचे काय? वस्तू जपणाऱ्या माणसाचे मराठीतील थोर उदाहरण म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने देशभर हिंडून अडकित्ते, दिवे, कुलपे, भांडी, वाद्ये, दारे अशा हजारो वस्तू गोळा केल्या. बहुतेक वस्तू लोकांच्या नित्य वापरातल्या, म्हणजे ज्यांना घरोघर अडगळ म्हटले जाते अशाच. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी त्या संग्रहाला 'राजा' हे नाव दिले आणि अखेर तो शासनाच्या, म्हणजे समाजाच्या स्वाधीन केला. केळकरांनीही साठवलेच, पण त्यांच्या साठवणीत आणि माळ्यावरच्या साठवणीत एक मूलभूत फरक आहे. त्यांनी वस्तू उजेडात ठेवली, तिची माहिती मिळवली आणि ती सर्वांना पाहता यावी अशी व्यवस्था केली. जी वस्तू वापरली जात नाही, पाहिली जात नाही आणि जिच्याविषयी कोणी कोणाला काही सांगत नाही, ती जपलेली असते असे म्हणता येणार नाही. ती फक्त टाकलेली नसते, इतकेच.

कमी वस्तूंत राहण्याचा विचार भारताला नवा नाही. विदर्भातून निघालेल्या गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पण स्वतःजवळ फुटके खापर, काठी आणि अंगावरच्या चिंध्या यांपलीकडे काही बाळगले नाही. हा आदर्श मोठा खरा. परंतु मुलाबाळांच्या गृहस्थाला तो झेपणारा नाही. गृहस्थाला अधिक उपयोगी पडेल असा एक विचार जैन परंपरेने दिला आहे, आणि जबलपूर हे जैनांची मोठी वस्ती असलेले गाव आहे. साधूंना संपूर्ण अपरिग्रह सांगणाऱ्या त्या धर्माने श्रावकाला, म्हणजे संसारी माणसाला, परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले. जमीन, घर, सोने, धान्य, भांडी, वस्त्रे यांची मर्यादा माणसाने स्वतःच ठरवावी, आणि त्या मर्यादेपलीकडे आले तर ते देऊन टाकावे. येथे सर्व सोडण्याची आज्ञा नाही. किती पुरे, हे आधी ठरवण्याची आज्ञा आहे. त्या परंपरेने आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून वस्तूवर जडलेल्या आसक्तीत आहे.

त्याच जबलपुरात 'पिसनहारी की मढिया' नावाचे जैन मंदिर आहे. लोकांची दळणे दळून पोट भरणाऱ्या एका गरीब स्त्रीने पै-पै साठवून ते बांधले, अशी तेथील परंपरा सांगते, आणि तिच्या जात्याचे दगड तेथे आदराने राखलेले आहेत. जाते कोणत्याही घराच्या माळ्यावर असते. पण या जात्याला लोक नमस्कार करतात. त्याचे कारण ते जुने आहे हे नव्हे. कोणी, कशासाठी आणि किती वर्षे ते फिरवले, हे सर्वांना ठाऊक आहे, हे त्याचे कारण आहे. कथा सुटली की जात्याचा नुसता दगड होतो.

अलीकडे जगभर या विषयाची चर्चा सुरू आहे. जपानच्या मारी कोन्दो यांचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०११ साली निघाले आणि अनेक भाषांत गेले. वस्तू हातात घ्यावी, तिने मनाला आनंद होतो का ते पाहावे आणि होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, असे त्या सांगतात. स्वीडनमध्ये तर वृद्ध माणसांनी आपल्यामागे मुलांना त्रास होऊ नये म्हणून जिवंतपणीच आपले सामान कमी करावे, अशी रीत आहे आणि तिला स्वतंत्र नावही आहे. दोन्ही विचार चांगले आहेत. मात्र मराठी घराला त्यांच्याबरोबर स्वतःचा एक जुना प्रश्नही विचारता येईल. तो म्हणजे, 'ही वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल?' आनंदाचा प्रश्न माणसाला स्वतःकडे पाहायला लावतो. उपयोगाचा प्रश्न शेजाऱ्याकडे पाहायला लावतो.

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्या रीतिरिवाजांत पुष्कळ सोयी होत्या. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेई आणि त्याबदली भांडे देई. तिच्याशी तासभर घासाघीस चाले, पण कपाट रिकामे होई आणि तो कपडा दुसऱ्याच्या अंगावर जाई. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या केरसुणीची पूजा होते आणि घरातील केर बाहेर काढून अलक्ष्मीला निरोप दिला जातो. झाडणीलाच लक्ष्मी मानणारा हा समाज आहे. घर रिकामे करणे त्याने संपत्तीच्या विरुद्ध मानलेले नाही. आणि सर्वांत मोठी शिकवण गणपतीची. दहा दिवस ज्या मूर्तीपुढे सारे घर हात जोडून उभे राहते, तीच मूर्ती अकराव्या दिवशी पाण्यात सोडली जाते, आणि पाटावरून परत येते ती केवळ मूठभर वाळू. ज्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम, त्याचेच विसर्जन करण्याची सवय ज्या समाजाने स्वतःला लावून घेतली, त्याला एक बंब सोडणे अशक्य असू नये. एवढेच, की विसर्जन म्हणजे वाटेल तेथे टाकणे नव्हे. तुटक्या तसबिरी, देवांची चित्रे आणि जुनी वस्त्रे ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत सोडल्याने घर स्वच्छ होते आणि नदी मलिन होते. बंद पडलेली विजेची यंत्रेही केरात टाकण्याजोगी नसतात. त्यांत शिशासारखे विषारी पदार्थ असतात, आणि ती रीतसर विल्हेवाट लावणाऱ्याकडेच द्यावीत.

प्रत्यक्ष आवरण्याचे काम मात्र युक्तीपेक्षा नात्यावर अधिक अवलंबून असते. जबलपूरच्या अशा घरात होणारा संवाद बहुधा या वळणाचा असतो. सून म्हणते, "आई, हा बंब आता कशाला ठेवायचा? दहा वर्षांत खाली काढलेला नाही." सासू म्हणते, "अगं, माझ्या सासूबाईंनी तो नागपूरहून आणला. छोट्या गाडीत रात्रभर पायाशी धरून बसल्या होत्या." येथे दोघींचेही खरे असते. सुनेला जागा हवी असते, कारण घर झाडण्याचे काम अखेर तिच्याच वाट्याला येते. सासूला बंब नको असतो. ती रात्र कोणीतरी ऐकून घ्यावी, एवढेच तिला हवे असते. ती कथा सुनेने बसून ऐकली, नातवंडांनी लिहून घेतली, बंबाचे एक चांगले छायाचित्र काढून ठेवले, की पुष्कळदा सासूबाईच म्हणतात, "आता हा एखाद्याला देऊन टाका. तांबं आहे, वाया जाणार नाही." कथा ऐकून घेण्यापूर्वी वस्तू हलवली, तर भांडण होते.

म्हणून घर आवरण्याची योग्य वेळ घर विकण्याची नसते आणि तेराव्या दिवसानंतरचीही नसते. वडील माणूस हिंडते-फिरते आहे, त्याचा हात धरून माळ्याखाली उभे राहता येते आहे, तीच ती वेळ. एका दिवशी सारे घर उपसू नये. एक फडताळ, एक ट्रंक, एक कोनाडा एवढेच घ्यावे. ज्याचा नित्य वापर आहे ते ठेवावे. सणावारी लागणारे एकेक ठेवावे. समया चार असतील तर दोन लेकींना, एक भाचीला आणि एक देवघराला. ज्याचे आपल्याला काम नाही पण दुसऱ्याला आहे, ते चांगल्या स्थितीत असतानाच द्यावे. गंजून गेल्यावर देणे म्हणजे दान नव्हे. नुसता उपद्रव असेल ते योग्य ठिकाणी टाकावे. आणि वडिलांनी आपल्या हाताने, आपल्या तोंडाने द्यावे. 'हे अमक्याचे, हे तमक्याने आणले, आता तुझे' हे वाक्य मृत्युपत्रात लिहिता येत नाही. वाटणीवरून भावंडांत होणारी कितीतरी भांडणे त्या एका न बोललेल्या वाक्यापायी होत असतात.

जबलपूरच्या परिसरात कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या वसाहती आहेत. तेथील निवासस्थाने बेताची. निवृत्त झाले की ती ठरलेल्या मुदतीत सोडावी लागतात. तीस-पस्तीस वर्षांचा संसार बांधून निघायचे असते, आणि पुढचे घर बहुधा त्याहूनही लहान असते. ही सक्ती कठोर खरी. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट वेळेवर घडते. घरमालकाला कोणी मुदत घालून देत नाही, म्हणून ती त्याने स्वतःच घालून घ्यावी. संसार म्हणजे भांडी, असे भाषेने म्हटले तरी भाषेत आणखीही एक प्रयोग आहे. लेक सासरी सुखी असली की 'ती संसारात रमली' असे म्हणतात. त्या वाक्यात भांडी कोठेच नाहीत. तेथे माणसे आहेत, आणि त्यांना चालण्याफिरण्यास, बसून बोलण्यास लागणारी मोकळी जागा आहे. माळ्यावरून एकेक वस्तू तिच्या कथेसह खाली उतरली आणि योग्य हाती गेली, तर तेवढी जागा कोणत्याही जुन्या घरात निघू शकेल.